बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाला आंघोळ किती घालायची आणि पाणी पाजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू दोनेक महिन्यांचं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम 16 सेंटीमीटर. वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक जण सांगतो रोज आंघोळ घाला, ते शेपटीखालच्या छिद्रातून पाणी शोषून घेतं. दुसरा म्हणतो वाळवंटी प्राणी आहे, पाणी लावूच नका. टबात सोडलं की पिल्लू अंग फुगवतं आणि कडेला नखं मारत राहतं. त्यातच गेले काही दिवस विष्ठेतला पांढरा भाग पिवळसर दिसतोय. तर आंघोळ किती वेळा, पाणी किती कोमट, किती खोल, आणि पोटात पाणी जातंय हे ओळखायचं कसं?

मी त्या पिवळसर भागापासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सरड्यांच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा दाट लघवी बनवता येत नाही. पाणी वाचवायचं म्हणून ते शरीरातला नायट्रोजनचा कचरा युरिक अॅसिडच्या रूपात, घट्टसर पांढऱ्या गोळ्यात बाहेर टाकतात. त्याला युरेट म्हणतात. विष्ठेत तपकिरी भाग, त्याला लागून मऊ पांढरा युरेट आणि भोवती थोडासा पारदर्शक ओलावा असं तिन्ही दिसलं, तर पिल्लाच्या अंगात पाणी पुरेसं आहे. पाणी कमी पडू लागलं की आधी तो ओलावा दिसेनासा होतो, मग युरेट पिवळा पडतो, आणि पुढे नारिंगी, कडक, रवाळ होतो.

रंग एकटा बघू नका. व्हिटॅमिनच्या पावडरीने किंवा गाजरासारख्या रंगीत खाण्यानेही एखाददुसऱ्या वेळी पिवळी छटा येते. टिश्यू पेपरने युरेट दाबून बघा. सहज चिरडला गेला तर घाबरण्यासारखं काही नाही. दाबल्यावर कण कण वेगळे होत असतील आणि सलग दोन-तीन वेळा तसंच दिसत असेल, तर पाणी कमी पडतंय असं समजा. असं बरेच दिवस चाललं तर युरिक अॅसिड रक्तात साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पुढे सांध्यांत खडे धरतात, म्हणजे गाउट होतो. गाउट झालेला ड्रॅगन पूर्वीसारखा करता येत नाही, म्हणून युरेटकडे रोज एक नजर टाकायची सवय लावून घ्या.

याच्या जोडीला डोळे बघा. पाणी कमी असलेल्या पिल्लाचे डोळे खोबणीत बसल्यासारखे दिसतात. तोंड उघडलं की लाळेचे चिकट धागे वरखाली ताणले जातात. डोक्याच्या मागच्या बाजूचे दोन फुगीर भाग खोल गेले असतील तर त्यात पाण्याइतकाच उपाशीपणाचाही हात असतो. कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती वेळात जागेवर येते ते बघायचं, ही कुत्र्यामांजरांची चाचणी पिल्लांवर करू नका. त्यांच्या कुशीची कातडी मुळातच सैल असते, उगाच फसायला होतं.

आता शेपटीखालच्या छिद्राचं. त्यामागे खरं एवढंच आहे की सरड्याच्या शरीरात, मूत्र आणि विष्ठा एकत्र येतात त्या क्लोआकात आणि त्याला लागून असलेल्या आतड्यात, बाहेर पडण्याआधी मूत्रातलं पाणी परत शोषलं जातं. ही आतल्या आत चालणारी काटकसर आहे. टबात बसल्याने बाहेरचं पाणी त्या वाटेने भरपूर आत जातं आणि पिल्लाची तहान भागते, असा भरवसा धरता येत नाही. कातडीतून तर नाहीच. बेडकाची कातडी पाणी पिते, सरड्याच्या कातडीत पाणी आतबाहेर होऊ नये म्हणून स्निग्ध थर असतात. आंघोळीनंतर पिल्लाची तब्येत सुधारलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा त्याने टबातलं पाणी तोंडाने प्यायलेलं असतं.

आणि वाळवंटी म्हणून पाणी नकोच, हेही चूक. पोगोना व्हिटिसेप्स, म्हणजे आपला बिअर्डेड ड्रॅगन, ही जात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या, झुडपी मुलखातली. तिथे साठलेलं पाणी क्वचित मिळतं, पण पाऊस आला की हे सरडे मागचा भाग उचलून डोकं खाली करतात आणि पाठीवरून ओघळत तोंडापर्यंत आलेलं पाणी चाटतात. पाणी वरून येतं, हलतं, थेंबाथेंबाने येतं, हे त्यांच्या रक्तात आहे. वाटीतलं निश्चल पाणी बऱ्याच पिल्लांना पाणी म्हणून कळतच नाही. तुमचं पिल्लू हट्टी वगैरे नाही, त्याच्या लेखी त्या वाटीत काहीच नाही.

पण पाजण्याच्या युक्त्या सांगण्याआधी टाकीचं, म्हणजे पिल्लू राहतं त्या काचेच्या पेटीचं, तापमान मोजा. माझ्याकडे येणाऱ्या सुकलेल्या पिल्लांपैकी पुष्कळांचा दोष पाण्यात नसतो, दिव्यात असतो. बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली शेकायच्या, जागेचा पृष्ठभाग पिल्लासाठी 40 ते 43 अंश सेल्सिअस असावा आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला हवा 25 ते 28 अंशांच्या आसपास. लोक लहान पिल्लू म्हणून लहान टाकी घेतात, वर मोठा दिवा लावतात, आणि मग थंड टोकालाही 34-35 अंश होतात. पिल्लाला पळायला जागाच राहत नाही. 2-3 ग्रॅमचं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू असो की तुमच्याएवढं, वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग खूप मोठा असतो, त्यामुळे मोठ्या ड्रॅगनला जे चालून जातं त्यात ते एका दिवसात सुकतं. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, हवेसाठी वायर असलेला डिजिटल थर्मामीटर वापरा. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर मी विश्वास ठेवत नाही. रात्री दिवे बंद, अगदी लाल दिवासुद्धा. खोली 18-20 अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री उष्णता द्यायची गरज नसते आणि रात्रीच्या गारव्यात त्याच्या अंगातलं पाणीही कमी उडतं.

तापमान बरोबर असेल तर थेंबाने पाजायला लागा. रोजचं पाणी देण्याचा मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा मार्ग हाच. सकाळी दिवे लागून अर्धापाऊण तास झाला, पिल्लू शेकून सावध झालं की सुई काढलेली सिरिंज किंवा ड्रॉपर घ्या. खोलीच्या तापमानाचं पाणी. नाकाच्या शेंड्यावर, नाकपुडी टाळून, एक थेंब ठेवा आणि तो ओठाच्या कडेपर्यंत ओघळू द्या. मग थांबा. पिल्लू आधी नुसतं डोळे मिचकावेल, कदाचित डोकं झटकेल. जरा वेळाने दुसरा थेंब. एकदा जीभ बाहेर आली आणि चाटणं सुरू झालं की त्याच लयीत थेंब देत राहा. बऱ्याचदा ते एका जागी बसून डझनावारी थेंब पितं, आणि पुरे झालं की तोंड फिरवतं. तोंड फिरवलं की थांबायचं. पहिल्या दिवशी चाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्यात घाई नको.

इथे एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. तोंड उघडून आत पाणी सोडू नका. सरड्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच, अगदी पुढे असतं, आणि आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसल्याने त्याला जोरात खोकून पाणी बाहेर काढता येत नाही. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने न्यूमोनिया होतो. शेकताना ड्रॅगन तोंड आ करून बसतात, ती अंगातली उष्णता कमी करायची त्यांची नेहमीची तऱ्हा. आयतं तोंड उघडं आहे म्हणून तिथे थेंब टाकायचा मोह आवरा.

खाण्यातूनही बरंच पाणी जातं. किंबहुना पोटभर, नीट खाणाऱ्या पिल्लाचं निम्म्याहून अधिक काम खाणंच करतं. जिवंत रातकिड्याच्या वजनातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच असतो. मात्र तो रातकिडा स्वतः कोरड्या कोंड्यावर पडून असेल तर पिल्लालाही कोरडंच मिळेल. खाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी किड्यांना रसदार पाला, गाजर, भोपळ्याचे तुकडे द्या. हॉर्नवर्म नावाची हिरवी अळी मिळत असेल तर ती सुमारे 85 टक्के पाणीच असते, सुकलेल्या पिल्लाला वरखर्चाला चांगली. पण मोठी झालेली हॉर्नवर्म पिल्लाच्या मानाने अवाढव्य होते. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद किडा द्यायचा नाही, हा नियम तिलाही लागू. डब्यातले वाळवलेले मीलवर्म किंवा वाळवलेले रातकिडे हेच मुख्य खाणं असेल तर युरेट पिवळा पडण्याचं कारण शोधायला लांब जायला नको.

पाला बारीक चिरून, धुऊन, निथळू न देता ओलाच द्या. मोहरीचा पाला, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं चालतात. ओल्या पानावर कॅल्शियमची पावडरही चांगली चिकटते. पाणी जावं म्हणून काकडी आणि आइसबर्ग लेट्यूसचा मारा करतात ते मला पटत नाही. पाणी जातं खरं, पण वाढत्या पिल्लाचं पोट पोषणाशिवाय भरतं, आणि हगवण लागली तर दिलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जातं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. अॅव्होकॅडो अजिबात नको, ते विषारी आहे.

वाटी ठेवायची की नाही? ठेवा. उथळ, जड, टाकीच्या थंड बाजूला. दिवसातून एकदा तरी पाणी बदला, कारण पिल्लं त्यात हटकून शी करतात. सैल सुटलेले रातकिडे त्यात बुडून मरतात आणि बुडण्याआधी अंगावरची कॅल्शियम पावडर धुऊन जाते ती वेगळीच. वाटीच्या पाण्यात अधूनमधून वरून थेंब पाडले, बोटाने तरंग उठवले तर काही पिल्लं त्या हालचालीने वाटीकडे वळतात आणि पुढे स्वतःहून प्यायला शिकतात. काही कधीच शिकत नाहीत.

आता आंघोळ. माझं मत सरळ सांगतो. निरोगी, खाणाऱ्यापिणाऱ्या, मऊ पांढरा युरेट टाकणाऱ्या पिल्लाला आंघोळीची वैद्यकीय गरज नसते. आठवड्यातून एकदा घातली तर पुष्कळ झाली, दोन आठवड्यांतून एकदा घातली तरी बिघडत नाही. अंगाला शी माखली, कात अडकली, शौच दोन-चार दिवस अडलं, किंवा थेंबाने अजिबात पीत नाही, अशा वेळी आंघोळ उपयोगी. तुमच्या पिल्लाला पिवळसर युरेट आहे म्हणून पुढचा आठवडाभर एक दिवस आड करून पाहायला हरकत नाही, तेही टबात ते पाणी पितंय असं दिसलं तरच. टबात बसून फक्त घाबरत असेल तर त्या वेळात ड्रॉपरने चार थेंब जास्त जातील.

पाण्याचं तापमान 32 ते 35 अंश. थर्मामीटर बुडवून बघा. आपल्या हाताच्या कातडीचं तापमान साधारण त्याच्या जवळपास असतं, म्हणून बरोबर पाणी हाताला गरमही लागत नाही आणि गारही. हाताला छान ऊनऊन लागतंय म्हणजे पिल्लासाठी जास्त झालं. 38 च्या वर जाऊ देऊ नका. उलट 29 च्या खालचं पाणी आपल्याला चालेल असं वाटतं, पण शेकून 35-36 अंशांवर आलेल्या पिल्लाचं अंग त्यात झपाट्याने गार होतं, ते सुस्त पडतं आणि पचन मंदावतं.

खरी अडचण पाणी गार होण्याची आहे. पिल्लासाठी पाणी अगदी थोडं लागतं आणि थोडं पाणी पाच-सात मिनिटांत निवतं. त्यावर उपाय म्हणून मी दोन भांडी वापरतो. मोठ्या टबात जरा जास्त कोमट पाणी, त्यात तरंगणारा छोटा प्लास्टिकचा डबा, आणि त्या डब्यात पिल्लाचं पाणी. आतलं पाणी पंधरा मिनिटं सहज टिकतं. हे जमत नसेल तर वरून कोमट पाणी घालताना पिल्लाला आधी बाहेर काढा, पाणी ढवळा, पुन्हा मोजा, मग परत सोडा.

खोली पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत, खांदा बुडता कामा नये. तुमच्या पिल्लासाठी ते एक सेंटीमीटरच्या आसपास येईल. चारही पाय तळाला टेकलेले आणि मान ताणल्याशिवाय डोकं पाण्याबाहेर असं दिसलं पाहिजे. तळाला एखादं जुनं सुती फडकं अंथरा आणि एका बाजूला त्याचीच घडी करून चढ तयार करा. फुगणं आणि नखं मारणं यातलं निम्मं पाय घसरतात म्हणून असतं, पायाखाली पकड आली की पिल्लू वेगळंच वागतं. उरलेल्यातलं काही प्रतिबिंबामुळे. चकचकीत स्टीलच्या किंवा आरशासारख्या भांड्यात त्याला दुसरा ड्रॅगन दिसतो. दुधी किंवा गडद रंगाचा, न चमकणारा डबा घ्या.

फुगण्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण व्हिडिओंनी यात फार घोळ घातला आहे. डोळे मिटून, अंग हवेने भरून, पाण्यावर तरंगणारा ड्रॅगन बघून लोक म्हणतात, बघा किती निवांत आहे. अंगात हवा भरणं ही त्याची तरंगायची आणि शत्रूला मोठं दिसायची युक्ती आहे. पाय टेकत नाहीत आणि पळता येत नाही तेव्हा बरेच सरडे डोळे मिटून गप्प होतात. हनुवटीखालची दाढी काळी पडणं, पोटावर गडद पट्टे आणि ठिपके उमटणं, थांबून थांबून जोरात पोहणं ही सगळी घाबरल्याची लक्षणं आहेत. निवांत पिल्लू आकाराने चपटं पण हवा न भरलेलं असतं, डोळे उघडे, अंगाचा रंग फिका. जिभेने पाणी चाटून बघतं, मग मान खाली घालून तोंड पाण्याला लावतं आणि गळा हळूहळू हलू लागतो. तेव्हा ते पितंय. त्या वेळी बोलू नका, हात लावू नका, सावलीही पडू देऊ नका.

प्यायलं की नाही याची शंका राहत असेल तर 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आंघोळीआधी वजन, आंघोळीनंतर अंग नीट टिपून पुन्हा वजन. टबात शी झाली असेल तर तो हिशेब सोडून द्या. काटा तसाही हवाच, कारण पिल्लाचं वजन आठवड्याला वाढलं पाहिजे. ते थांबलं किंवा घसरलं तर डोळ्यांना काही दिसण्याआधी काटा सांगतो.

दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या दोनतीन वेळा पाचच. पूर्ण वेळ तुम्ही शेजारी, फोन आला तर पिल्लू बाहेर. इतकं लहान पिल्लू एक सेंटीमीटर पाण्यातही उलटं होऊन बुडू शकतं. वेळ सकाळ उशिराची किंवा दुपारची, शेकून झाल्यावर. खाल्ल्यावर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. दिवे बंद व्हायच्या आत दोन तास तरी शिल्लक हवेत, कारण ओलं, गार अंग घेऊन झोपलेलं पिल्लू रात्रभर गरम होऊ शकत नाही. बाहेर काढल्यावर फडक्याने घासायचं नाही, टिपायचं: काखा, मांड्यांच्या घड्या, शेपटीचं मूळ. मग थेट बास्किंगच्या जागेवर. पंख्याखाली किंवा एसीसमोर धरून वाळवू नका.

ते हेच पाणी पिणार असल्यामुळे साबण, शाम्पू, मीठ, जंतुनाशकाचे थेंब, तेल यातलं काही त्यात जाता कामा नये. माणसाला पिण्यालायक असलेलं साधं नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवा. तुमच्या भागात क्लोरामाइन वापरत असतील तर ते उघडं ठेवून उडत नाही, तिथे मत्स्यालयासाठी मिळतं तसं सरड्यांना चालणारं वॉटर कंडिशनर लागेल. कोमट पाणी बऱ्याच पिल्लांचं पोट सैल करतं, त्यामुळे टबात शी होणं ठरलेलं. झाली की त्याच क्षणी पिल्लू बाहेर, पाणी ओता, डबा धुवा, नवं पाणी. शी मिसळलेलं पाणी पिणं म्हणजे आतड्यातले परजीवी पुन्हा पोटात घेणं.

कात टाकण्याशी आंघोळीचा संबंध येतो तो शेवटी. पिल्लं भराभर वाढतात, त्यामुळे पहिल्या वर्षात दर काही आठवड्यांनी कुठे ना कुठे कात निघत असते. कातडी आधी निस्तेज होते, मग पांढरट, मग कडा सुटतात. कडा सुटल्यावर कोमट पाण्याने आणि मऊ टूथब्रशच्या हलक्या फिरवण्याने मदत होते. त्याआधी नाही, आणि ओढून काढायचं तर कधीच नाही, खालची कातडी तयार नसेल तर जखम होते. लक्ष ठेवायचं ते बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर. तिथे अडकलेल्या कातेचं कडं वाळून आवळतं, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट काळं पडून झडतं. अशा बोटाभोवती ओलं कापूस दहा मिनिटं धरलं तरी पुरतं, अख्ख्या पिल्लाला भिजवायची गरज नसते.

शौच अडलं असेल तर कोमट पाण्यात बसवून पोटावरून बोटाने छातीकडून शेपटीकडे अगदी हलका हात फिरवा. दाबायचं नाही. आत गाठ लागली, मागचे पाय ओढल्यासारखे चालताहेत असं वाटलं, तर टब बाजूला ठेवून पशुवैद्याकडे न्या.

टाकीत फवारणी करू का, हा प्रश्न पुढे येणारच. नाकावर बारीक फवारा मारून थेंब जमू देणं ठीक आहे, ड्रॉपर बघून पळणाऱ्या पिल्लांसाठी ते बरंच. टाकी भिजवणं आणि धुकं सोडणारा फॉगर लावणं मात्र नको. हवेतली आर्द्रता 30 ते 40 टक्के असावी, थोडा वेळ 50 पर्यंत गेली तर चालतं. कायम ओलसर, अस्वच्छ टाकीत श्वसनाचे संसर्ग वाढतात, कातडीवर बुरशी धरायलाही वाव मिळतो. नॅनिझिओप्सिस नावाची बुरशी या जातीला होते. त्यात कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या येतात आणि ती खोलवर पसरली तर जीव घेते. आणि फवारा तापलेल्या दिव्यावर उडू देऊ नका, काच तडकते.

काही वेळी आंघोळ टाळाच. घरी आणल्यावर पहिले चार-पाच दिवस पिल्लाला फक्त थेंब द्या, बाकी एकटं सोडा. अंग गार असताना, रात्री, श्वास घेताना शिट्टी किंवा बुडबुडे येत असताना नको. ज्याला डोकं उचलून धरता येत नाही अशा अशक्त पिल्लाला टबात ठेवणं म्हणजे बुडवण्याचा धोका पत्करणं आहे.

तुमच्या हातांची काळजीही यातच आली. पूर्ण निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो आणि आंघोळीचं पाणी त्याला घरभर न्यायला सोपी वाट देतं. पिल्लाचा डबा, फडकं, ब्रश वेगळं. स्वयंपाकघरातलं सिंक वापरायचं नाही. पाणी शौचालयात ओता, डबा जंतुनाशकाने धुऊन वाळवा, हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांना या कामात घेऊ नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज टाकीची दोन्ही टोकं मोजा आणि दिवा जास्त असेल तर कमी करा. रोज सकाळी थेंब, ओला पाला, नीट खाऊ घातलेले जिवंत किडे. टबात पाणी पीत असेल तरच एक दिवस आड, फडकं अंथरलेल्या डब्यात दहा मिनिटं. तीन-चार दिवसांत युरेट मऊ आणि पांढरा व्हायला हवा.

नाही झाला, किंवा त्याआधीच डोळे खोल गेले, खाणं बंद झालं, वजन घसरलं, तर वाट बघू नका, सरड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. अशा पिल्लाला कातडीखाली द्रव देऊन जे साधतं ते टबाने साधत नाही. मधल्या वेळात माणसांची स्पोर्ट्स ड्रिंक पाजू नका आणि किडे कोंबू नका, सुकलेल्या अंगाला प्रथिनांचा भार झेपत नाही. बोटं किंवा पाय थरथरत असतील तर तेही सांगा, ते बहुधा पाण्याचं नसून कॅल्शियम आणि यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण, कमी पडल्याचं दुखणं असतं. पाणी नीट जाऊनही पिल्लू वारंवार सुकत असेल तर कॉक्सिडिया किंवा इतर परजीवींची शंका घ्यावी लागते आणि ती विष्ठा तपासूनच फिटते. जाताना त्याच दिवशीची ताजी विष्ठा, युरेटसकट, झाकणाच्या छोट्या डबीत घालून न्या. डबी उन्हात ठेवू नका, आणि टबातल्या पाण्यातून काढलेली विष्ठा नको, टाकीतली कोरड्या जागेवरची घ्या.